क आधी, कमळ मागाहून

मराठीत कोणत्याही कामाच्या आरंभाला दोन नावे आहेत. एक ‘श्रीगणेशा’ आणि दुसरे ‘ओनामा’. नव्या दुकानाचा श्रीगणेशा होतो, नव्या सुनेच्या स्वयंपाकाचा ओनामा होतो, आणि तिने पहिल्याच दिवशी भात लावला तर ‘ओनामाच असा, तर पुढे काय!’ असे घरातली वडील मंडळी हसून म्हणून घेतात. बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते की हे दोन्ही शब्द लहान मुलाच्या पाटीवरून उठून आपल्या बोलण्यात आले आहेत. पंतोजींच्या शाळेत मूल पहिल्या दिवशी जाऊन बसले, की ‘श्रीगणेशाय नमः’ आणि ‘ॐ नमः सिद्धम्’ ही दोन नमने त्याच्याकडून आधी म्हणवून घेत, मग गिरवून घेत. पोराच्या जिभेवर दुसऱ्या नमनाचे ‘ओनामासीधम्’ झाले आणि मोठ्यांनी त्याचा ‘ओनामा’ केला. त्या पोराला ना ‘नमः’चा अर्थ ठाऊक, ना ‘सिद्धम्’चा. त्याला ठाऊक होता तो फक्त आवाज, आणि त्या आवाजापाठोपाठ बोटाने काढायची एक वळणदार रेघ.

मी पस्तीस वर्षे पहिलीचा वर्ग शिकवला. तेव्हा या आवाजाचा आणि रेघेचा संबंध हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय. निवृत्तीनंतर जत्रेत, जुन्या बाजारात, रद्दीच्या दुकानात मिळतील तेवढ्या अंकलिप्या गोळा करण्याचा नाद लागला. त्या चाळता चाळता एक प्रश्न मनात घर करून बसला. ‘क कमळाचा’ हे आपण इतक्या सहजपणे म्हणतो, की जणू ब्रह्मदेवाने क निर्माण केला तो हातात कमळ देऊनच! पण आपले पूर्वज जे अक्षर शिकले, त्यात कमळ होते का?

नव्हते. आणि तरीही ते शिकले, हे मोठे नवल आहे.

सातव्या शतकात दोन चिनी यात्रेकरू आपल्या देशात येऊन गेले. ह्युएन त्संगाचे नाव शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याने पुलकेशीचा महाराष्ट्रही डोळ्यांनी पाहिला होता. इथल्या मुलांच्या पहिल्या शिक्षणाविषयी लिहिताना तो ‘बारा प्रकरणां’चा उल्लेख करतो. ही बारा प्रकरणे म्हणजे आपल्या बाराखडीचे फार जुने रूप. त्याच्यामागून काही दशकांनी आलेला इ-त्सिंग अधिक तपशिलाने सांगतो. मुले सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ शिकायला बसतात, मूळ वर्ण एकोणपन्नास, त्यांच्या जोडण्या अनेक, आणि हे सारे सहा महिन्यांत आटोपते. आमच्या पहिलीच्या वर्षाचा हिशेब त्याच्याशी ताडून पाहिला तेव्हा मला त्या अज्ञात गुरुजींचा थोडा हेवाच वाटला.

हेच ‘सिद्धम्’ पुढे बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे जपानला पोचले. कूकाई नावाचा जपानी भिक्षू ८०६ साली चीनमधून परतला तो ही विद्या बरोबर घेऊन. आज जपानी मूल भिंतीवरचा तक्ता पाहून आपली अक्षरे ‘आ, ई, ऊ, ए, ओ’ अशा क्रमाने म्हणते आणि पुढच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा येतात. यांतली क, त, न, म, य, र, व ही चाल ओळखीची वाटते ना? ती आपल्याच वर्णमालेची आहे. अक्षरांचे आकार निराळे, भाषा निराळी, पण तोंडातल्या जागांचा क्रम समुद्र ओलांडून गेला.

तोंडातल्या जागा म्हणालो ते जाणूनबुजून. आपली वर्णमाला ही खरे तर मुखाची भूगोलपोथी आहे. क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूवर, ट-वर्ग मूर्ध्यावर, त-वर्ग दातांवर आणि प-वर्ग ओठांवर. आतून बाहेर असा हा प्रवास. पाणिनीच्याही आधीच्या शिक्षाकारांनी जिभेच्या हालचाली न्याहाळून हे कोष्टक मांडले आणि ते अडीच हजार वर्षे टिकले. दुसरी सोय अशी की अक्षराचे नाव तोच त्याचा आवाज. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ‘डब्ल्यू’ हे नाव पाठ करून त्यातून ‘व’ हा आवाज उकरून काढावा लागतो. ‘एच’ या नावात तर ‘ह’चा पत्ताच नाही. ही अडचण युरोपातही जाणत्यांना डाचत होती. जर्मनीत इकेलझामर याने १५२७ साली नावे बाजूला ठेवून आवाजावरून वाचन शिकवणारे पुस्तक काढले. फ्रान्सात गणितज्ञ पास्कालने १६५५ च्या सुमारास आपल्या बहिणीला पोर्ट-रॉयलच्या शाळेसाठी तीच युक्ती सुचवली. आपल्याकडे ही युक्ती कुणाला काढावी लागली नाही. ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो.

मात्र एक गंमत आहे. मूल बोलायला लागते ते ओठांपासून. मामा, बाबा, पापा, ही त्याची पहिली मिळकत. वर्णमाला त्याला नेते ती थेट घशाच्या तळाशी, जिथे काय चालले आहे हे आरशातही दिसत नाही. पंडिताच्या दृष्टीने हा क्रम निर्दोष. बालकाच्या दृष्टीने तो उलटा. ही कुरबुर लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

पंतोजींच्या शाळेत या वर्णमालेला रेघेचे रूप मिळे ते धुळीत. लाकडाच्या फळीवर विटेची किंवा तांबड्या मातीची बारीक भुकटी पसरायची, ती धूळपाटी. बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, फळी हलवली की पुसले, पुन्हा काढायचे. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्यातला. हात बसला की मग कित्ता, बोरू आणि दौत. पंतोजी एक अक्षर मोठ्याने म्हणत, थोरली मुले ते धाकट्यांकडून म्हणवून घेत, आणि सारा ओटा त्या आवाजाने घुमे. क ला काना का, क ला वेलांटी कि, असे ठेक्यात चाले. संध्याकाळी परवचा, पाढे, पावकी, निमकी. चुकले की छडी, आणि छडीहूनही वाईट शिक्षा. त्या शाळेचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच इरादा नाही. पण अक्षर शिकवण्याच्या कामात ती तीन गोष्टी एका वेळी करत होती. कान ऐकत होता, तोंड म्हणत होते आणि बोट धुळीत फिरत होते.

या धुळीने एकदा मोठा प्रवास केला. मद्रासजवळ एग्मोर येथे लष्करातल्या अनाथ मुलांसाठी एक शाळा होती. १७८९ पासून तिची देखरेख अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे होती. एके सकाळी घोड्यावरून फेरफटका मारताना त्याला देशी शाळेतली मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढताना दिसली. त्याने आपल्या शाळेत हाच प्रकार सुरू करायला सांगितला. खालच्या वर्गाच्या मास्तरांना ते पटेना, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका पोराला त्या वर्गाचा गुरू केला, आणि पोराने काम फत्ते केले. बेल विलायतेस परतला, १७९७ मध्ये त्याने या प्रयोगावर पुस्तिका छापली, आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळांत पसरली. तिकडे लँकास्टर नावाच्या दुसऱ्या शिक्षकानेही मुलांनी मुलांना शिकवण्याची अशीच रीत चालवली होती. एल्फिन्स्टनच्या अमदानीत मुंबई इलाख्यात नव्या शाळा निघाल्या, तेव्हा हीच रीत आपल्याकडे ‘सुधारणा’ म्हणून आली. आमच्याच अंगणातली धूळ साहेबाने पुडीत बांधून परत दिली आणि आम्ही ती डोळ्यांना लावून घेतली, असे म्हणायचा मोह होतो. पण बेलने निदान ती कुठून उचलली हे प्रामाणिकपणे सांगितले, हेही नमूद केले पाहिजे.

आता कमळाकडे वळू.

अक्षराला शब्द जोडण्याची कल्पना सर्वस्वी परकी आहे असे मात्र नाही. ‘ललितविस्तर’ या बुद्धचरित्रात बालसिद्धार्थ लिपिशाळेत जातो असा प्रसंग आहे. विश्वामित्र नावाचे गुरुजी, भोवती हजारो मुले. मुले एकेक वर्ण उच्चारू लागतात आणि कुमाराच्या प्रभावाने प्रत्येक वर्णातून त्या वर्णाने सुरू होणारे एक तत्त्व ऐकू येते. अ म्हणताच सारे अनित्य असल्याचा बोध, आ म्हणताच आपल्या आणि इतरांच्या हिताचा. म्हणजे ‘अ अनित्याचा’! अननसाआधी कित्येक शतके आपल्याकडे अ असा ओळखला गेला होता. फक्त अनित्याचे चित्र काढता येत नाही, हीच काय ती पंचाईत.

चित्राची वाट दाखवली ती युरोपातल्या एका परागंदा गुरुजीने. मोराव्हियाच्या कोमेनियसने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत मुलांसाठी सचित्र पुस्तक छापले. त्याच्या आरंभी अक्षरांचे एक जिवंत कोष्टक आहे. तिथे अक्षराला वस्तूचे नाव नाही, तर प्राण्याचा आवाज आहे. कावळ्याचा एक, कोकराचा एक, हंसाचा, मांजराचा, वाऱ्याचा आणि रडणाऱ्या तान्ह्या बाळाचाही. मला ही कल्पना फार आवडते. कोकरू पाहून मूल ‘बें’ करणारच, तिथे चूक होण्याला वावच नाही. पुढच्या काळात आवाज गळाला आणि वस्तूचे नाव उरले. छापखान्याबरोबर ती रीत जगभर पसरली. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेस आला, खिळे आले, बापू छत्रे यांचे ‘बाळमित्र’, बाळशास्त्री जांभेकरांची मुलांसाठीची पुस्तके, मेजर कँडीच्या देखरेखीखाली तयार झालेली क्रमिक पुस्तके अशी रांग लागली. स्वस्त कागदावरची अंकलिपी घरोघर गेली आणि क कमळाशी, ग गवताशी किंवा गणपतीशी, म मगरीशी कायमचा बांधला गेला.

या जोडीदारांकडे जरा निरखून पाहा. कमळ, खटारा, गवत, घर, चमचा, टरबूज, डमरू, तलवार, धनुष्य, नळ, पतंग, फणस, बदक, मगर, रथ, लसूण, शहामृग, ससा, हरिण. ज्या मुलाने तलाव पाहिलेला नाही त्याच्यापुढे मगर, आणि ज्याच्या बापजाद्यांनी शहामृग पाहिला नाही त्याच्यापुढे शहामृग! आणि रोजच्या डोळ्यांपुढच्या गोष्टी कुठे गेल्या? भाकरी नाही, पाणी नाही, चूल नाही, माती नाही. गाय नाही, मांजर नाही, कावळा नाही, चिमणीही नाही. मुलाच्या स्वतःच्या देहाला तरी जागा आहे का? नाक, कान, डोळे, दात, गाल, मान, हात, पाय, पोट, बोट यांपैकी एकालाही नाही. नख आणि मनगट तेवढी बसतील, तर ती कुणी घेतलेली नाहीत.

हे कुणी दुष्टपणाने केलेले नाही. याचे कारण आपल्या लिपीत आहे. मराठी मुलाच्या कानाला ‘काकडी’तला पहिला आवाज ‘क’ असा ऐकू येत नाही, तो ‘का’ असा येतो. ‘किल्ली’तला ‘कि’, ‘केळे’तला ‘के’. इंग्रजी मुलाला व्यंजन वेगळे काढून दाखवतात, आपल्याकडे व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात नांदतात. त्यामुळे ज्या मुलाला अजून काना-मात्रा ठाऊक नाही, त्याला ‘क’ दाखवायचा तर बिनकान्याचाच शब्द शोधणे भाग. मराठी घरातल्या बहुतेक जिवाभावाच्या वस्तूंना काना किंवा वेलांटी आहे. म्हणून त्या दाराबाहेर राहिल्या आणि मगर आत आली. स्वरांच्या घरात मात्र ही अडचण नाही, म्हणून ‘आ’च्या चौकोनात आई सुखाने बसली आहे. अंकलिपीच्या सबंध पानावर मुलाला खऱ्या अर्थाने ओळखीचे माणूस असे ते एकच. ई आणि ऐ यांच्या वाट्याला शब्दच तुटपुंजे, तेव्हा तिथे ईडलिंबू आणि ऐरण आली. आज शहरातली किती माणसे ऐरण ओळखतील? पण शब्द विचारा, ‘ऐ ऐरणीचा’ सगळे म्हणतील. लोहाराचा भाता थंड झाला, ऐरण अंकलिपीत शिल्लक राहिली.

चित्राचा दुसरा घोटाळा मला वर्गात कळला. चित्र वस्तू दाखवते, शब्द दाखवत नाही. कमळाचे चित्र पाहून एक पोरगी ठासून म्हणाली, “फ.” मी विचारले, “फ का गं?” तर म्हणाली, “फुलाचा!” तिच्या गावच्या तळ्यात कमळ नव्हते, तिला ते नुसते फूल. मगर पाहून एकाने ‘प’ म्हटले. ती त्याला भिंतीवरची पाल वाटली. इमारतीला तर निम्मा वर्ग ‘घ’ म्हणे, कारण घर. यांतले कुठलेच उत्तर चुकीचे नव्हते. मुलांनी आवाज बरोबर पकडला होता. आमची वस्तू त्यांची नव्हती, एवढेच. म्हणून मी चित्र शेवटी दाखवू लागलो. आधी आवाज, मग त्या आवाजाचे शब्द त्यांनीच गोळा करायचे, मग पाटीवर रेघ, आणि अंकलिपीतले कमळ सगळ्यांत मागाहून.

काही अक्षरे तर चित्राला दादच देत नाहीत. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही. म्हणून अंकलिपीकारांनी मोठ्या हुशारीने ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ केला. इतर सगळी अक्षरे दारात उभी, ही दोन माजघरात. आरंभीचा आवाज ओळखायला शिकलेले चुणचुणीत मूल इथे हटकून विचारते, “बाणाला ब नाही का?” त्याला काय उत्तर द्यावे? ष षटकोनाचा म्हणावा तर मूल ‘श’ म्हणते, आणि षटकोन कळायला त्याला अजून चार वर्षे आहेत. आणि च, ज, झ यांचे दुहेरी आवाज! चिमणीतला च निराळा, चुलीतला निराळा. झेंड्यातला झ निराळा, झाडातला निराळा. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जिवंत राहा, लिहायला दोन्ही सारखे, म्हणायला दोन. लिपी एकच खूण देते आणि बाकीचे काम मुलाच्या आईने शिकवलेल्या बोलीवर सोडून मोकळी होते. तिथे ज्याची बोली शाळेच्या बोलीहून वेगळी, त्याने काय करावे?

हा प्रश्न केवळ वर्गातला नाही. कमळ की भाकरी हा वाद करायलाही आधी पाटीपुढे बसायला मिळाले पाहिजे. धूळपाटीच्या ज्या शाळेचे मी वर वर्णन केले, तिच्या ओट्यावर मुली नव्हत्या, आणि गावकुसाबाहेरची मुले तर रस्त्यावरूनच तो गलका ऐकत. धूळ सगळ्यांच्या पायाखाली होती. तीत अक्षर काढण्याची मुभा थोड्यांना होती.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांमुलींसाठीही त्यांनी शाळा काढल्या. त्या शाळांत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिच्या हाती अक्षर येऊन फार दिवस झाले नव्हते. जे अक्षर तिला मिळाले त्याने तिने पहिली गोष्ट केली ती ही, की आपल्या माणसांवर काय बेतले ते लिहून ठेवले आणि धर्माच्या नावाने अक्षर नाकारणाऱ्यांना जाब विचारला. तिच्या घरात कमळ नव्हते. पण आवाज तिचा स्वतःचा होता. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात शेतकऱ्यांच्या मुलांना मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिप्यांचे लेखन-वाचन, हिशेब आणि शेतीची प्राथमिक माहिती मिळावी असे मागितले. मोडी ही व्यवहाराची, खतपत्रांची, सावकाराच्या वहीची लिपी. ती वाचता आली नाही तर अंगठा कशावर उमटतो आहे हे कळत नाही. आजच्या वाचकाला मोडीची ती मागणी किरकोळ वाटेल, पण त्या काळी तीवर जमीन टिकत होती किंवा जात होती.

उच्चवर्णीय घरांतही बाईच्या हाती पाटी सुखासुखी आली नाही. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न होऊन रमाबाई पुण्यास आल्या, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने पाटीवर शिकवायला आरंभ केला. दिवसा घरातल्या वडील बायकांचे टोमणे आणि अबोला, रात्री पाटी. पुढे त्याच रमाबाई सेवासदनात शेकडो बायकांच्या शिक्षणाच्या आधार झाल्या, आणि ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक मराठीचे लेणे ठरले. ते वाचताना मला नेहमी वाटते, की इतर मुलांनी सहाव्या वर्षी खेळता खेळता गिरवलेला तो क या मुलीने साऱ्या घराचा राग अंगावर घेऊन गिरवला.

विसाव्या शतकात धूळपाटीची आठवण पुन्हा झाली ती रोममधून. डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ च्या जानेवारीत तिथल्या गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून गुळगुळीत पाट्यांवर चिकटवली. मुलाने त्यांवरून बोट फिरवायचे आणि त्याच वेळी अक्षराचे नाव नव्हे, आवाज म्हणायचा. आपल्या पंतोजींनी हे वाचले असते तर ते मिशीत हसले असते. फरक होता तो छडीचा. बाईंच्या शाळेत ती नव्हती. गुजराथेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी ही दृष्टी उचलली, ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि युद्धामुळे कित्येक वर्षे इथेच राहिल्या.

पण त्यांची साधने महाग होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेव्हाचा तो ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथली वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखत होती. मग शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. घराच्या अंगणात भरणाऱ्या बालवाडीला अंगणवाडी म्हटले गेले. १९७५ पासून सरकारी बालविकास योजनेने तेच नाव उचलले, आणि आज ते देशभर चालते. माझ्या लेखी या दोघींचे मोठेपण हे, की परदेशातून आलेली विद्या त्यांनी मुलाच्या पायाखालच्या वस्तूंवर उतरवून दाखवली. जे मूल शिंपला ओळखते त्याला शिंपल्यापासूनच सुरुवात करू द्यावी, एवढे साधे ते. पण साधे सुचायलाच वेळ लागतो.

शाळांनी मधल्या काळात आणखी एक वाट काढली. ती म्हणजे ‘गमभन’. वर सांगितलेली घशापासूनच्या क्रमाची कुरबुर आठवते ना? या क्रमाने तोंडाला बाजूला ठेवून हाताची सोय पाहिली. ग काढता आला की थोड्या फरकाने म, म वरून भ, भ वरून न. सारख्या वळणाची अक्षरे जवळजवळ बसवली. या चार अक्षरांचे लगेच शब्दही होतात. मग, नभ, मन, गगन, नग, नमन. मुलाला पहिल्याच आठवड्यात वाचल्याचा आनंद मिळतो, आणि तोही चित्राशिवाय. मला हा क्रम फार मानवला. मात्र गगन आणि नभ हे शब्द कवींच्या घरातले. पोरांना ‘आभाळ’ म्हणायची सवय, आणि आभाळाला दोन काने.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली, तेव्हा साठीच्या बायाबापड्या कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसल्या. दिवसभर शेतात राबलेली बोटे, त्यांना पेन्सिल धरणे जड. पण त्यांना ‘क कमळाचा’ शिकण्यात रस नव्हता. त्यांना हवे होते स्वतःचे नाव. पहिले अक्षर जे असेल ते, मग त्याला काना असो, वेलांटी असो की जोडाक्षर असो. ज्या आवाजाने आयुष्यभर कुणी हाक मारली तो कागदावर कसा दिसतो, हे पाहायचे होते. मोहीम संपली की गावात गौरवसमारंभ होई, आणि अंगठ्याऐवजी सही करणाऱ्यांचे कौतुक होई.

लिपी अजूनही थांबलेली नाही. बॅट आणि बॉल यांतले आवाज मराठी मुलांच्या तोंडी रुळून पिढ्या झाल्या, तेव्हा २००९ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना स्वरांच्या पंक्तीत रीतसर पाट मांडला. नव्या अंकलिप्यांत त्यांचे चौकोन दिसतात. त्यांच्यासाठी शब्द शोधायला प्रकाशकांना मुळीच त्रास पडलेला दिसत नाही. ऐरण जुनीच आहे, खटाराही आहे. माझ्या संग्रहातल्या एकाही अंकलिपीत ङ आणि ञ यांना मात्र अजून कुणी जोडीदार मिळालेला नाही. एका छापखान्याने त्या दोन चौकोनांत नुसती वेलबुट्टी काढली आहे. शेजारची पाच वर्षांची चिमुरडी तो तक्ता म्हणताना तिथे आली की क्षणभर थांबते, वेलबुट्टीवरून बोट फिरवते आणि पुढच्या चौकोनावर जाते.